पीटरला लिहिलेलं सत्ताविसावं माफीपत्र

मू ह्वाइशान सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याने पीटरची सव्वीस वेळा माफी मागितली होती. पीटरला स्टेशनवर घ्यायला जाता आलं नाही म्हणून, पीटरचं पुस्तक वेळेवर परत केलं नाही म्हणून, पीटरबरोबर कागदी नक्षीकामाचं प्रदर्शन बघायला जमणार नाही म्हणून. एकदा तर पीटरच्या आजीच्या तब्येतीची चौकशी करायला उशीर झाला म्हणून. पीटर इंग्लंडचा की अमेरिकेचा हे इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कधी स्पष्ट केलेलं नसे. तो चीनच्या प्रेमात गळ्यापर्यंत बुडालेला असे, दर सत्राला काहीतरी नवीन शिकायला येई, आणि आजवर त्याने एकाही पत्राला उत्तर पाठवलेलं नव्हतं.

ही पत्रं ह्वाइशान स्वतःच्या नावाने लिहीत नसे. ‘समजा, तू ली ह्वा आहेस’ अशीच प्रश्नाची सुरुवात असते, आणि देशातली झाडून सगळी पोरं पत्राच्या ऐंशी शब्दांपुरती ली ह्वा होतात. खाली सहीही ली ह्वाचीच. चुकून स्वतःचं नाव, गावाचं नाव, शाळेचं नाव पत्रात आलं, की ओळख उघड केली म्हणून त्या पत्राला शून्य. वाक्यं मोत्यांसारखी असली तरी शून्य. हा नियम आमच्याकडच्या पोरांना आईबापाच्या वाढदिवसाच्या आधी पाठ होतो.

ह्वाइशानचं गाव तालुक्यापासून बसने दोन तास वर, डोंगराच्या अंगावर. चाळीस उंबरे, आणि उंबऱ्यापुढे लगेच तिरफळाची झाडं. तिरफळ तोडताना काटे बोटांत जातात, त्यामुळे त्या गावात गुळगुळीत हात फक्त तान्ह्या मुलांचे असतात. घरात त्याला शानवा म्हणत. गावच्या शाळेत इंग्रजी तिसरीपासून होतं, पण ते शिकवणारे गुरुजी कवायत, गाणं आणि चित्रकलाही शिकवत. इंग्रजीचा तास ते शिट्टी फुंकून सुरू करत आणि शब्द कवायतीच्याच थाटात म्हणवून घेत. पहिल्या रांगेने अर्धा शब्द म्हणायचा, दुसऱ्या रांगेने उरलेला. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पोरं तशाच उच्चाराचे चिनी शब्द, मग ते मीठ असो की केरसुणी, लिहून ठेवत. ह्वाइशानची वही कुणी परक्याने उघडली असती तर त्याला ती वाण्याची यादी वाटली असती.

मात्र अक्षर असं की छापखान्याने लाजावं. दोन वर्षं रोज एक पान गिरवून त्याने ते कमावलेलं होतं. गोल, सुटं, एका उंचीचं, कुठे शेपूट नाही की कुठे पोट नाही. आमच्याकडे पेपर मशीनमधून स्कॅन होऊन पडद्यावर तपासले जातात आणि तपासणारा एका पत्रावर मिनिटभरही थांबत नाही, त्यामुळे अक्षर चांगलं असलं की मजकूरही चांगला असेल असं तो समजून घेतो. ह्वाइशान पाठांतरातही पक्का होता. एकदा कानावरून गेलेलं वाक्य त्याच्या डोक्यातून बाहेर पडत नसे. ही देणगी पुढे त्याच्या अंगाशी आली, ते सांगतोच.

पंधराव्या वर्षी तो तालुक्याच्या हायस्कुलात आला आणि वसतिगृहात राहू लागला. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या खांग बाईंनी, ज्या वर्गशिक्षिकाही होत्या, त्याला उभं करून उतारा वाचायला सांगितला. तो वाचला. वर्ग जो हसत सुटला, तो बाईंनी डस्टर आपटेपर्यंत थांबला नाही. शेजारी बसलेली मुलगी तेवढी हसली नाही. तिने अगदी चौकशीच्या सुरात विचारलं, “तू वाचत होतास की शेळ्या हाकत होतास?”

“का?”

“नाही, मधेच थांबून कुणालातरी वळवून आणत होतास.”

ही फू यिंगमाई. गव्हाच्या कापणीत जन्मली म्हणून नावात गहू. शाळेच्या पूर्वेच्या फाटकाबाहेर तिच्या आईची भट्टी होती. तळहाताएवढ्या जाड रोट्या तिथे पहाटेपासून भाजल्या जात आणि पहिला तास सुरू व्हायच्या आत संपत. यिंगमाईला इंग्रजीचा कान होता. शब्द एकदा ऐकला की ती तो जसाच्या तसा म्हणे. अक्षर मात्र असं की कोंबडीने शाईत पाय बुडवून धूम ठोकावी.

मग दोघांचं जमलं. आमच्याकडे सकाळी साडेसहाला वाचनाची घंटा होते आणि वर्गातली अठ्ठावन्न पोरं उभी राहून आपापला उतारा मोठ्याने वाचायला लागतात. कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. त्या गोंगाटात हे दोघं एकमेकांच्या कानाशी लागून वाचत. ती त्याची जीभ सरळ करी, तो तिचं पाठांतर ऐकून चूक धरी. दुपारी पत्रांची अदलाबदल. शेजाऱ्याचं लिखाण लाल पेनने तपासायचं आणि गुण द्यायचे, हा खांग बाईंचा नियम होता. यिंगमाईचा लाल पेन पंधरवड्यात संपे.

“सात?” तो कळवळून विचारी. “पंधरापैकी सात? अक्षर तरी बघ!”

“अक्षर बघितलं म्हणूनच सात. नाहीतर चार होते.”

त्याच्या वरच्या खाटेवर झोपणारा शाओ फेई दोघांना ‘नवरानवरी’ म्हणायचा, पण जपून, कारण यिंगमाईने एकदा त्याचं पत्र तपासून सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं होतं. त्यात शाओ फेईने पीटरला ‘माझ्या लाडक्या आजोबा’ असं संबोधलं होतं. आजोबांना लिहिलेलं जुनं पत्र त्याने जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि नाव तेवढं बदलायचं राहिलं होतं.

दीड वर्षात ह्वाइशान वर्गात चाळिसाव्यावरून नववा आला. यिंगमाई चौदावी होती. आणि मार्चच्या परीक्षेत एका वाक्याने घोळ केला.

परीक्षेत पोरं वापरतात ती वाक्यं सहसा त्यांची नसतात. छापील पुस्तिका मिळते, तिच्यात ‘सोनेरी वाक्यं’ असतात. मावळता सूर्य, गालांवर मोत्यांसारखे अश्रू, हृदयात उचंबळलेली लाट. एकदा खांग बाई गठ्ठा आपटून म्हणाल्या होत्या, “अठ्ठावन्न जणांनी सूर्य मावळवलाय. अरे, गोष्टीत सकाळचे दहा वाजलेत! एकाला तरी घड्याळ बघायचं सुचू नये?” यिंगमाईला ही पुस्तिका आवडत नसे. ती स्वतःची वाक्यं बनवी आणि वहीच्या मागच्या पानावर जपून ठेवी. त्यातलं एक तिने महिनाभर घासूनपुसून तयार केलं होतं: ‘माझ्या आईच्या हातांना आधी जाग येते, डोळ्यांना नंतर.’ इंग्रजीत ते आणखी आखूड होतं. रोज सकाळच्या गोंगाटात ती ते म्हणे आणि ह्वाइशान समोर वही धरून ऐके. चुकली की तोच म्हणून दाखवी. असं तीस-एक वेळा झालं असेल.

मार्चच्या परीक्षेत ‘मला आदर वाटतो अशी कष्टकरी व्यक्ती’ हा विषय आला. ह्वाइशानने आईवर लिहिलं. लिहिता लिहिता ते वाक्य हातातून उतरलं. आपण ते कुठून आणलं हा विचार त्याला शिवलाही नाही. पुस्तिकेतली दोनशे वाक्यं डोक्यात असली की कुठलं कुणाचं हे कोण बघतं? पण हे पुस्तिकेत नव्हतं. पेपर तपासायला दुसऱ्या शाळेत जातात; तिथल्या तपासणाऱ्याच्या ते लक्षात आलं, आणि दोन पेपर लाल खुणेसह परत आले: एकच वाक्य, एकच वर्ग, कुणीतरी कुणाचं उतरवलंय.

खांग बाईंनी दोघांना उभं केलं.

“कुणाचं आहे हे?”

ह्वाइशानला तेव्हा लख्ख आठवलं. सकाळ आठवली, वही आठवली, तिचा हिरवट शाईचा पेनसुद्धा आठवला. तोंड उघडायचं होतं. पण तो बाकाच्या कडेवरची शाई नखाने खरवडत राहिला.

बाईंनी गुणांची यादी पाहिली. “नववा नंबर चौदाव्याचं कशाला उचलेल?” त्या कुणाला उद्देशून नव्हे, हिशेब मांडावा तशा बोलल्या.

यिंगमाईने त्याच्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, “त्याचं असेल,” आणि खाली बसली.

त्याच आठवड्यात जागा बदलल्या. आमच्या शाळेत दर परीक्षेनंतर जागा नंबराप्रमाणे निवडायच्या असतात. सगळा वर्ग दप्तरं आणि पुस्तकांचे गठ्ठे घेऊन व्हरांड्यात उभा राहतो, बाई दारात यादी घेऊन एकेक नाव पुकारतात, आणि ज्याचं नाव येईल त्याने आत जाऊन हवी ती जागा धरायची. मित्रासाठी जागा अडवायची नाही. शेजारी दप्तर ठेवलं की तुमचीच जागा गेली. ह्वाइशान नववा आत गेला आणि खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी, बसला. चौदावी यिंगमाई आली. तिने त्या बाकाकडे मानही वळवली नाही आणि थेट दाराजवळच्या शेवटून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. ह्वाइशानच्या शेजारी आला तो एक सर्दी झालेला पोरगा, ज्याला पदार्थविज्ञानात रस होता आणि रुमालात नव्हता.

आता गंमत बघा. सव्वीस माफीपत्रं लिहिलेला माणूस. पहिल्या परिच्छेदात दिलगिरी, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात भरपाईचा प्रस्ताव, शेवटी शुभेच्छा. साचा झोपेतही चुकला नसता. पण त्या साच्यात पीटर बसत होता, यिंगमाई बसत नव्हती. चार दिवसांनी गरम पाण्याच्या नळावर ती थर्मास भरताना सापडली. तो मागे जाऊन उभा राहिला.

“यिंगमाई.”

“काय?”

“गरम पाणी संपलंय.”

“मग मी काय भरतेय? पाऊस?”

ती गेली. तो रिकामा थर्मास घेऊन तिथेच उभा. मागून शाओ फेई म्हणाला, “वा रे बहाद्दर! पीटर असता तर पाघळला असता.”

सकाळचं वाचन चालूच होतं, पण ते पुन्हा शेळ्यांकडे झुकायला लागलं. कुणी सांगणारं नव्हतं. सर्दीवाला त्याची पत्रं तपासून प्रत्येक पत्राला तेरा देई आणि खाली ‘छान’ लिही. ह्वाइशानला ते तेरा त्या सातांपेक्षा कमी वाटत.

एप्रिलच्या शेवटी वसतिगृहाला दोन दिवस सुट्टी मिळाली आणि तो गावी गेला. तिरफळाच्या कोवळ्या पानांवर मावा पडला होता. बापाने शहरातून फवारणीचा नवा पंप आणला होता, आणि त्याच्या खोक्यावर सगळं इंग्रजीत होतं. का कुणास ठाऊक. बनला शेजारच्याच जिल्ह्यात होता.

“शानवा, वाच रं. ह्ये तांबडं काय लिवलंय?”

“वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका.”

“येवढंच? मला वाटलं काय दैवी असंल.” बापाने पंप पाठीवर चढवला. “वाचता येतंय की चांगलं. मग सकाळपास्नं थोबाड असं का केलंयस, सुकल्या मुळ्यागत?”

ह्वाइशानने सांगितलं. झाडाखाली उभं राहून, पानं उलटीसुलटी करत, सगळं सांगितलं. वाक्य कशाचं होतं तेही सांगितलं. आई पलीकडच्या झाडाशी होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. बापाने तोवर अर्धं झाड फवारून घेतलं.

“खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या शिनची कातर मी न इचारता आणली हुती,” तो म्हणाला. “तीन वर्सं आपल्याकडंच. त्येला वाटायचं पुतण्यानं चोरली. पुतण्याशी बोलणं बंद केलं त्येनं.”

“मग?”

“मग काय. गेलो, कातर हातात दिली, म्हणलो ही तुजी.”

“बस? माफी नाही मागितली?”

“कातर हातात हुती ना. आन काय मागायचं?” बाप दुसऱ्या झाडाकडे वळला. “सरक तिकडं, वारं तुज्याकडं चाललंय. खोक्यावर लिवलंय म्हणं तसं.”

मेच्या मध्यावर अकरा शाळांची एकत्र परीक्षा झाली. इंग्रजीचा पेपर दुसऱ्या दिवशी. उतारे झाले, गाळलेल्या जागा झाल्या, आणि ह्वाइशान पत्रापाशी आला. ‘समजा, तू ली ह्वा आहेस. तुझा मित्र पीटर याच्यासोबत शनिवारी चहाच्या मळ्यात जायचं ठरलं होतं, पण तुला जमणार नाही. त्याची माफी मागणारं पत्र लिही.’

त्याने पेन उचललं. पहिली ओळ आपोआप उतरली. दुसऱ्या ओळीशी, कारणापाशी, तो थांबला. आजवर त्याने कारणं म्हणून ताप, आजी, वक्तृत्व स्पर्धा आणि बस चुकणं वापरलेलं होतं. आता खरं कारण एकच होतं. घड्याळात सतरा मिनिटं उरली होती. त्याच्या मनात आलं, पीटरला सांगायला काय हरकत आहे? पीटर कुणाला सांगणार आहे? फार तर विषय सोडला म्हणून पाच-सहा गुण जातील. आणि मग तो लिहीत गेला, साधं, आखूड वाक्यांत, एकही मावळता सूर्य न घेता.

‘प्रिय पीटर, मला माफ कर. शनिवारी मी येऊ शकत नाही, कारण आधी मला एक वस्तू परत करायची आहे. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. तिने स्वतः एक वाक्य बनवलं होतं. तिची चूक काढता यावी म्हणून मी ते तिच्यासोबत म्हणत होतो. तीस वेळा म्हटल्यावर ते माझ्या तोंडात राहिलं आणि मी ते माझं म्हणून लिहिलं. बाईंनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, कारण गप्प बसणं सोपं होतं. ते वाक्य तिच्या आईच्या हातांबद्दल आहे. माझ्या आईचे हात वेगळे आहेत. त्यांत काटे आहेत. त्यांच्यासाठी मी माझं वाक्य शोधेन. हे तिचं आहे.’

अक्षर नेहमीसारखंच गोल आणि सुटं होतं. शेवटच्या ओळीनंतर त्याने एक ओळ सोडली, उजवीकडे सरकला आणि सही केली. घंटा झाली. पेपर पुढे सरकले. मागून पुढे जाणाऱ्या गठ्ठ्यात त्याला आपला पेपर ओझरता दिसला तेव्हा तो बाकावरून अर्धा उठला. खाली ली ह्वा नव्हता. मू ह्वाइशान होता. सव्वीस पत्रांखाली बिनचूक सही करणारा तो, सत्ताविसाव्याला चुकला.

निकालाच्या दिवशी खांग बाईंनी त्याला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर वाळल्या शेवंतीच्या चहाची बाटली होती आणि शेजारी त्याच्या पेपरची छापील प्रत.

“शून्य,” बाई म्हणाल्या. “सोळा वर्षं शिकवतेय मी. रडून पेपर भिजवलेले बघितले, पीटरला शिव्या दिलेल्या बघितल्या. सही स्वतःची करणारा तू पहिला. नवव्यावरून तिसावा गेलास, कळतंय ना? आपल्याकडे एकेका गुणावर तीन-तीन पोरं उभी असतात.”

“हो बाई.”

“मुद्दाम केलंस?”

“पत्र मुद्दाम. सही चुकून.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. पत्र पुन्हा वाचलं. त्या सावकाश वाचत होत्या, तपासायला नव्हे.

“मग मार्चमध्ये तोंडाला काय झालं होतं?”

ह्वाइशान म्हणाला, “तुम्ही म्हणालात, नववा नंबर चौदाव्याचं कशाला उचलेल.”

खोलीत दुसरे दोन शिक्षक होते. त्यांनी एकदम आपापल्या गठ्ठ्यात डोकं घातलं. बाईंनी चहाची बाटली उघडली, घोट न घेताच बंद केली आणि म्हणाल्या, “जा वर्गात.”

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले गेले. वाटायच्या आधी बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. “मार्चमधलं ते हातांचं वाक्य फू यिंगमाईचं होतं. मी नंबर बघून ठरवलं. चुकीचं ठरवलं.” त्यांनी पेपरांचा गठ्ठा पुढच्या बाकावर टेकवला. “आता शेजाऱ्याशी पेपर बदला आणि तपासायला घ्या. मू ह्वाइशानचं पत्र मात्र फू यिंगमाई तपासेल.” त्यांनी प्रत स्वतः नेऊन दाराजवळच्या त्या बाकावर ठेवली.

ह्वाइशानने मागे वळून बघितलं नाही. त्याने सर्दीवाल्याचं पत्र तपासलं. त्यात काय कारण दिलं होतं हे त्याला आजही सांगता येणार नाही. तास संपला. सगळ्यांनी पेपर परत दिले. यिंगमाईने दिला नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती आंबट पाण्यातल्या नूडल्सचा वाडगा घेऊन त्याच्या टेबलावरून गेली आणि थांबली नाही.

“तपासतेय अजून,” शाओ फेईने बातमी आणली. “दोन पानं झालीत म्हणे. तुझं पत्र ऐंशी शब्दांचं होतं ना रे? मग तिने दोन पानं कशावर भरली? गेलास तू.”

“बरं, जेव.”

“एवढं कळत होतं तर पाण्याच्या नळावर का नाही बोललास?”

“तिथे ऐंशी शब्द बसत नव्हते,” ह्वाइशान म्हणाला.

तिसऱ्या दिवशी जागांची निवड. व्हरांड्यात अठ्ठावन्न पोरं पुस्तकांचे गठ्ठे छातीशी धरून उभी. बाई दारात. नावं सुरू झाली. बारावं नाव फू यिंगमाईचं होतं. ती आत गेली. व्हरांड्याच्या खिडकीतून ह्वाइशानला अर्धा वर्ग दिसत होता. ती दाराजवळच्या जागेकडे गेली नाही. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर, तिच्या जुन्या बाजूला, जाऊन बसली. दप्तर पायाशी ठेवलं. शेजारची जागा मोकळी.

ह्वाइशानने मनातल्या मनात मोजलं. त्याच्या आधी सतरा जण होते. तिसरा बाक, खिडकी, फळ्यापासून बरोबर अंतर. वर्गातली सगळ्यात चांगली जागा ती. इतका वेळ ती रिकामी राहील हे कुणी वेड्यानेही धरून चाललं नसतं.

तेरावा आत गेला, सरळ त्या बाकाकडे. वाकून काहीतरी बघितलं, यिंगमाईकडे बघितलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. चौदावीने तेच केलं. पंधरावा जरा वेळ उभा राहून वाचत होता. मग तोंडावर हात धरून दुसऱ्या रांगेत गेला. सर्दीवाला एकोणिसावा. तोही गेला, वाकला, नाक ओढलं आणि वळला. व्हरांड्यातल्या पोरांत कुजबुज सुरू झाली.

“बाई, ती जागा अडवतेय!” कुणीतरी ओरडलं.

बाईंनी दारातून मान आत घातली. “दप्तर ठेवलंय का?”

“नाही.”

“पुस्तक?”

“नाही. एक कागद आहे.”

“कागदाबद्दल नियम नाही,” बाई म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

एकोणतिसावा शाओ फेई. जाता जाता त्याने ह्वाइशानला डोळा मारला. तो त्या बाकापाशी गेला, अगदी बसायच्या बेतात बूड टेकवलं, व्हरांड्याकडे बघून दात काढले, आणि मग उठून सर्दीवाल्याच्या शेजारी जाऊन बसला. हा त्याग त्याला पुढे महिनाभर शिंकांच्या रूपात भोगावा लागला.

“मू ह्वाइशान.”

तो आत गेला. बाकावर त्याचं पत्र होतं, मजकूर वर करून, आणि त्याला टाचणीने लावलेली दोन पानं. पत्रात काळ्यापेक्षा लाल जास्त होतं. ‘प्रिय पीटर’मधला पीटर खोडलेला होता आणि वर तिच्या त्या कोंबडीच्या अक्षरात तिचं नाव. ‘शेजारी बसायची’ याखाली दोन रेघा. ‘कारण गप्प बसणं सोपं होतं’ याच्या बाजूला बरोबरची खूण. आईच्या हातांतल्या काट्यांभोवती गोल, आणि समासात: ‘हे चांगलंय. हे पुढे ने.’ टाचलेल्या पानांवर त्या एका वाक्यापासून पुढे कसं जाता येईल याचे नऊ-दहा प्रयत्न तिने लिहिले होते आणि प्रत्येक खोडला होता. सगळ्यात खाली गुण: पंधरापैकी अकरा.

तो बसला. गठ्ठा खाली ठेवला.

“अकरा?” तो म्हणाला.

“दोन व्याकरणाचे गेले.”

“आणि दोन?”

“दोन महिने लागले पोचायला,” यिंगमाई म्हणाली. तिने त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. “नीट उतरवून दे. संध्याकाळच्या आत. आणि ते काट्यांचं मला नाही जमलं, तुझं तू बघ.”

बाहेर एकतिसावं नाव पुकारलं जात होतं. ह्वाइशानने कागद सरळ केला, पेनचं टोपण काढलं, आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख घालून गोल अक्षरात ‘प्रिय यिंगमाई’ लिहायला सुरुवात केली.

“वाचत लिही,” ती म्हणाली. “ऐकू दे, शेळ्या कुठवर गेल्यात ते.”